देशी झाडांची बाग: आधी जागा, मग यादी, रोपं सगळ्यात शेवटी

जूनचे पहिले दोन पाऊस झाले की रोपवाटिकांमध्ये झुंबड उडते. 'देशी' म्हणून हाती लागेल ते रोप घरी येतं आणि मोकळ्या दिसेल त्या कोपऱ्यात लागतं. त्यातली निम्मी पुढच्या मे महिन्यात वाळतात. जगतात त्यांतली काही पाच-सहा वर्षांनी भिंतीला, तारांना नाहीतर ड्रेनेजला भिडतात. रोपं वाईट नसतात, क्रम उलटा झालेला असतो. आधी रोप आणि मग जागा शोधली की देशी झाडही परक्याइतकंच हाल काढतं.

खालचे टप्पे महाराष्ट्रातल्या घराभोवतीच्या बागेसाठी आहेत. सुरुवात मार्चमध्ये करायची, लावणी पावसाळ्यात. मार्च हुकला असेल तर पहिला टप्पा घाईने उरकण्यापेक्षा यंदा चार-पाच झुडपंच लावा आणि झाडं पुढच्या वर्षावर ठेवा.

## टप्पा १: जागा मोजा (मार्च ते मे)

ऊन. जागेचा साधा नकाशा कागदावर काढा. सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता सावली कुठवर येते ते त्यावर रेघांनी दाखवा. सहा तासांहून जास्त थेट ऊन मिळतं तो भाग 'पूर्ण ऊन', तीन ते पाच तास मिळतं तो 'अर्धं ऊन', त्याखालचा 'सावली'. हे एकदाच करून भागत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तर मे-जूनमध्ये भर माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर, थोडा उत्तरेलाच असतो. म्हणून जानेवारीत काळोखी वाटणारी उत्तरेची पट्टी ऐन उन्हाळ्यात तापते. फेब्रुवारी-मार्चमधली सावली बघून तिथे सावलीतलं रोप लावलं तर मे महिन्यात पानं करपलेली दिसतात. एक नोंद मार्चमध्ये करा, दुसरी मेच्या मध्यावर.

पश्चिमेची भिंत वेगळी धरा. तिच्यावर दुपारचं ऊन पडतं आणि भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. तिच्यापासून एक मीटरच्या आत कोवळं, मोठ्या पानांचं काही लावू नका.

निचरा. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी ३० सेंटिमीटर असा खड्डा घ्या आणि काठोकाठ पाणी भरा. ते पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि मग दर तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला २ ते १० सेंटिमीटर म्हणजे ठीक. २ पेक्षा कमी असेल तर पावसाळ्यात मुळं कुजतील, १० पेक्षा जास्त असेल तर उन्हाळ्यात पाणी टिकणार नाही.

*इशारा:* काळ्या मातीत पहिल्या भरण्याचा आकडा धरू नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडलेल्या असतात आणि पाणी त्यांतून गुडुप होतं. निचरा उत्तम आहे असं वाटतं. जुलैत तीच माती फुगून भेगा मिटवते आणि डबकं साचतं. काळ्या मातीत खड्डा रात्रभर भिजवून सकाळी मोजणी करा.

माती. पारदर्शक बाटलीत एक भाग माती आणि दोन भाग पाणी घालून पाच मिनिटं हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसते, पोयटा काही तासांत, चिकण मातीला एक-दोन दिवस लागतात. तीन थरांची जाडी बघितली की मातीची जात कळते. दुसरी चाचणी चुन्याची: कोरड्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर मातीत चुनखडी आहे. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग खत घालून काही होत नाही, झाडच बदलावं लागतं.

नव्या घराभोवती आणखी एक गोष्ट हमखास निघते. वर वीतभर लाल माती असते आणि खाली सिमेंट, विटांचे तुकडे, फरशीचा चुरा. दोन ठिकाणी ६० सेंटिमीटरपर्यंत खणून बघा. राडारोडा निघाला तर त्या जागी झाड लावायचं असल्यास तो उपसायलाच हवा. सिमेंटमुळे तिथली माती अल्कधर्मी झालेली असते, वर कितीही शेणखत घातलं तरी.

वर आणि खाली. विजेच्या तारा, गच्चीचा सज्जा, पाण्याची टाकी, ड्रेनेजची चेंबरं, बोअर हे सगळं नकाशावर मांडा.

> पुढे जाण्याआधी तपासा: नकाशावर उन्हाचे तीन भाग आहेत का? निचऱ्याचा आकडा लिहिला का? ६० सेंटिमीटर खाली काय आहे ते पाहिलं का? यातलं एकही उत्तर 'अंदाजे' असेल तर यादीला हात घालू नका.

## टप्पा २: 'देशी' म्हणजे कुठलं देशी?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि तो दोन प्रकारचा असतो.

पहिला घोळ म्हणजे परकी झाडं देशी समजणं. पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलं म्हणून झाड इथलं ठरत नाही. गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करच्या. चिंच आणि गोरखचिंच आफ्रिकेतल्या. पांढरा-लाल चाफा, झेंडू, निशिगंध, रातराणी, बोगनवेल, कर्दळ, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, ही सगळी अमेरिका खंडातली. नीलमोहर आणि रेन ट्री तिथलेच. सोनमोहर आणि काशिद आग्नेय आशियाकडचे. यातली बहुतेक झाडं निरुपद्रवी आहेत आणि असतील तर राहू द्या, उपटायची गरज नाही. मात्र घाणेरी, सुबाभूळ, गिरिपुष्प आणि जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया नव्याने लावू नका. सुबाभळीचं बी शेजाऱ्याच्या आवारातही उगवतं, आणि वेडेलियाच्या प्रत्येक पेरातून मूळ फुटतं. सोनचाफा मात्र आपला आहे. नावात चाफा असला तरी पांढऱ्या चाफ्याशी त्याचं नातं नाही.

दुसरा घोळ जास्त महागात पडतो: भारतातलं ते माझ्या अंगणातलं, असं धरून चालणं. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प. म्हणून ते मराठवाड्याच्या मुरमाड माळावरही लावलं जातं. निसर्गात ताम्हण ओढ्याकाठी, ओलाव्याच्या जागी वाढतं. ५००-६०० मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात, पाणी न देता, दुसऱ्या उन्हाळ्यातच त्याच्या पानांच्या कडा करपतात. सीताअशोक, सुरंगी, नागचाफा यांचीही तीच गत: दमट हवा, निचऱ्याची आम्लधर्मी माती आणि लहानपणी सावली, यातलं काहीही कमी पडलं तर झाड वर्षानुवर्षं हातभरच राहतं.

उपाय सोपा आहे. घरापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात एखादी नांगर न लागलेली जागा शोधा: टेकडीचा उतार, ओढ्याचा काठ, देवराई. तिची माती आणि तुमची माती सारखी असली पाहिजे. तिथे आपोआप वाढलेली झाडं-झुडपं ही तुमची खरी यादी. एक फेरी मार्च-एप्रिलमध्ये मारा, तेव्हा फुलं दिसतात. फोटो काढा, पण रोपं किंवा कंद उपटून आणू नका. कळलावी, रानहळद अशा कंदांचे ताटवे उपटून नेल्यानेच विरळ होतात, आणि जंगलातून उपटलेलं झुडूप मुळं तुटल्यामुळे सहसा जगतही नाही.

ढोबळ विभागणी अशी धरता येईल:

कोकण, जांभा माती, भरपूर पाऊस: बकुळ, सुरंगी, कोकम, सीताअशोक, अंजनी ही झाडं, बकोरा, भूतकेस ही झुडपं, कुसर हा वेल. समुद्राचा खारा वारा थेट येत असेल तर यादी आखडते. मग उंडी, करंज आणि पारोसा भेंड यांवर भिस्त ठेवा, बाकीचं त्यांच्या आडोशाला.

घाटालगतचा पट्टा, मावळ: ताम्हण, कुंभा, वारस, अंजनी, झुडपांत धायटी, भूतकेस, मुरुडशेंग, वेलांत कुसर, उक्षी. जमिनीलगत रानहळद आणि पेव. कारवीचा मोह टाळा. ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून वाळते. अंगणात तिचं सौंदर्य कधीच वाट्याला येत नाही.

देश, मराठवाडा, पर्जन्यछाया: बहावा, आपटा, काळा कुडा, मेडशिंगी, भोकर, बेल, झुडपांत तरवड, निर्गुडी, कोरांटी, धायटी, अडुळसा, वेलांत गुळवेल, हरणदोडी, शतावरी. चुनखडीच्या मातीत या यादीबाहेर जाऊच नका.

विदर्भ: मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, पण पूर्वेकडे पाऊस देशापेक्षा दुपटीहून जास्त. बहावा, पारिजातक, काळा कुडा, पळस, आवळा. झुडपांत धायटी, निर्गुडी, मुरुडशेंग.

## टप्पा ३: यादीला कात्री लावा

आता तुमच्याकडे वीस-पंचवीस नावं असतील. ती आठ-दहावर आणायची आहेत. चाळण्या या क्रमाने लावा.

पूर्ण वाढलेली उंची. रोप गुडघ्याएवढं असतं म्हणून हीच चाळणी राहून जाते. वड, पिंपळ, उंबर, काटेसावर, मोह, अर्जुन हे घराच्या अंगणाचे नाहीतच. बंगल्याचं आवार अर्ध्या एकराचं असेल तर वेगळी गोष्ट. ८ ते १५ मीटर होणारी झाडं (बहावा, ताम्हण, बकुळ, करंज) भिंतीपासून निदान ५ मीटर आणि टाकी-ड्रेनेजपासून त्याहून दूर. ४ ते ८ मीटरवाली (आपटा, पारिजातक, काळा कुडा, मेडशिंगी) ३ ते ३.५ मीटरवर. झुडपं भिंतीपासून एक मीटर.

शहरात ही चाळणी आणखी कडक लावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असलेल्या भागात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुमच्याच आवारात असलं तरी. चुकीच्या जागी लावलेलं झाड नंतर सहज काढता येईल, या भरवशावर राहू नका.

मुलं आणि जनावरं. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद सर्वांत जास्त. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. चित्रकाच्या मुळाने कातडीवर फोड येतात. बिब्बा तर आवारात नकोच. करवंद कुंपणाला उत्तम, पण काट्यांमुळे वाटेपासून दीड मीटर लांब.

स्वभाव. पळसाचं रोप पहिली काही वर्षं वरून वाळतं आणि पुन्हा फुटतं, कारण ते सगळा जोर मुळात घालत असतं. 'मेलं' समजून लोक उपटून टाकतात. धीर नसेल तर पळस लावू नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांतून कुठलं निघेल ते फुलं येईपर्यंत कळत नाही, तेव्हा फळ हवं असेल तर मादी झाडाचं कलम घ्या. हरणदोडी आणि उक्षी जोरदार वेल आहेत. नाजूक जाळीवर सोडले तर जाळीसकट खाली येतात.

फुलण्याचे महिने. उरलेल्या नावांपुढे महिने लिहा. धायटी जानेवारी ते एप्रिल, बहावा आणि काळा कुडा एप्रिल-मे, भूतकेस पावसाळ्यात, पारिजातक ऑगस्ट ते नोव्हेंबर, कोरांटी ऑक्टोबर ते जानेवारी. नुसतं उन्हाळ्यात फुलणारं उचललं तर बाग सात महिने हिरवीच दिसेल आणि मधमाश्या, फुलपाखरं बाकीच्या वेळात फिरकणार नाहीत.

अळ्यांचं अन्न. फुलं फुलपाखराला मध देतात, पण ते अंडी घालतं ती विशिष्ट झाडांवरच. कढीपत्ता, माकडलिंबू, लिंबाच्या कुळातली झाडं नीलवंतासारख्या फुलपाखरांसाठी; नीलवंत २०१५ पासून राज्याचं फुलपाखरू आहे. रुई कडव्या जातीच्या फुलपाखरांसाठी, ईश्वरीचा वेल लाल अंगाच्या 'रोज' फुलपाखरांसाठी, बहावा पिवळसर-पांढऱ्या 'भटक्या' फुलपाखरांसाठी. यादीत अशी निदान दोन नावं ठेवा, पण दर्शनी भागात नको, कारण त्यांची पानं खाल्ली जाणार आहेत.

> तपासा: उरलेल्या प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: उंची, ऊन, निचरा, फुलण्याचे महिने. एखाद्याची माहिती मिळत नसेल तर ते नाव यंदा वगळा.

## टप्पा ४: आधी कागदावर लावा

उदाहरण म्हणून देशावरचं एक अंगण घेऊ: घरासमोर १० मीटर रुंद, ६ मीटर खोल, पश्चिमेकडे तोंड, वर दोन फूट काळी माती आणि खाली मुरूम, पावसाळ्यात डाव्या कोपऱ्यात पाणी साचतं.

झाडं दोनच. आपटा घरापासून साडेतीन मीटरवर, दुपारचं ऊन दारावर येतं त्या रेषेत. त्याची सावली तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून भिंतीवर पडू लागेल. पारिजातक उजव्या बाजूला, आपट्यापासून चार मीटरवर, उंचवट्यावर. त्याला साचलेलं पाणी मुळीच सोसत नाही, म्हणून डावा कोपरा त्याच्यासाठी बाद. त्या डाव्या कोपऱ्यात निर्गुडी, कारण तिला थोडं पाणी थांबलं तरी चालतं. कुंपणालगत एकेक मीटर वीस सेंटिमीटरवर तीन तरवड, दोन धायटी. कढीपत्ता बाजूच्या गल्लीत. आपट्याच्या सावलीत येणाऱ्या भागात अबोलीची पाच-सहा रोपं आणि त्याबाहेर उन्हात कोरांटीची चार.

एवढंच. एकूण वीसच्या आसपास रोपं. कागदावर हे विरळ दिसतं आणि पहिल्या वर्षी प्रत्यक्षातही विरळच दिसेल. इथेच हात शिवशिवतो आणि मधल्या जागेत आणखी दोन झाडं घुसवली जातात. मोकळी जागा खटकत असेल तर तिथे तेरड्याचं बी फेका. एका पावसाळ्याचं काम आहे, झाडांच्या आड येत नाही.

गच्ची किंवा गॅलरीच असेल तर झाडांचा नाद सोडा. कोरांटी, अबोली, बकोरा, अडुळसा, कढीपत्ता, ब्राह्मी ही कुंडीत चांगली राहतात. कुंडी निदान ३० सेंटिमीटर खोल, झुडपाला ४५. भरणीत एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा. नुसती काळी माती भरली तर ती आटून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी बाजूने वाहून जातं, मूळ कोरडंच. गच्चीवर उन्हाळ्यात सकाळी पाणी द्या, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, पश्चिमेच्या कुंडीला गोणपाट गुंडाळा.

## टप्पा ५: रोप ओळखून घ्या

नाव. आपल्याकडे एकच नाव दोन-तीन झाडांना असतं. 'अशोक' मागितला की उभा खोटा अशोक मिळतो. त्याचं पान एकेकटं, लांब आणि कडांना लहरी असलेलं. सीताअशोकाचं पान संयुक्त, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या, आणि कोवळी पालवी तांबूस, मलूल होऊन लोंबते. कदंब आणि कळंब वेगळे. बहावा मागितल्यावर गुलाबी फुलांचा परदेशी कॅशिया हाती येतो. रोपावर फुलं नसल्याने दोन वर्षांनी कळतं. यादीत शास्त्रीय नावही देवनागरीत लिहून न्या: बहाव्यासाठी 'कॅशिया फिस्टुला', आपट्यासाठी 'बौहिनिया रेसिमोसा', सीताअशोकासाठी 'सराका अशोका'. विक्रेत्याला ते माहीत नसेल तर पान ताडून बघा, शंका असेल तर रोप परत ठेवा. ठिपकेदार पानांचे, दुहेरी पाकळ्यांचे सुधारित प्रकारही नकोत. बऱ्याच दुहेरी फुलांत पाकळ्यांच्या गर्दीमुळे कीटकांना मधापर्यंत पोचताच येत नाही.

वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत स्थानिक झाडं जास्त मिळतात, पण झुडपं आणि वेल क्वचित. त्यांच्यासाठी एप्रिलमध्येच चौकशी करून ठेवा.

तब्येत. उंच रोप चांगलं, हा समज काढून टाका. पिशवीच्या उंचीच्या चौपटीपेक्षा उंच रोप नको. खोडाला धरून हलकेच हलवा. पिशवीसकट डुललं पाहिजे, मातीत खोड सैल हललं तर मूळ धरलेलं नाही. पिशवीचा तळ बघा: मूळ बाहेर पडून जमिनीत रुतलेलं असेल तर उचलताना ते तुटणार, आणि सोटमूळ तुटलेलं झाड उन्हाळ्यात तग धरत नाही. दोन-अडीच फुटांचं, बोटाएवढ्या खोडाचं रोप पाच फुटी लवलवत्या काडीला तिसऱ्या वर्षी मागे टाकतं.

बी. बियांपासून करायचं असेल तर वेळ सांभाळा. जांभूळ, कोकम, सीताअशोक यांचं बी वाळलं की मरतं. फळ पडल्यापासून आठवड्याभरात पेरा. बहावा आणि तरवडाचं उलट आहे, त्यांचं कवच इतकं टणक की ते फोडल्याशिवाय उगवण विखुरते. उकळलेलं पाणी गॅसवरून उतरवून बियांवर ओता आणि २४ तास तसंच ठेवा. फुगलेलं बी पेरा. न फुगलेल्याची एक कड खरखरीत कागदावर घासून पुन्हा भिजवा. निर्गुडी आणि अडुळशासाठी बियांची गरजच नाही, पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी पावसाळ्यात खोचली की फुटते.

## टप्पा ६: खड्डे (मेचा दुसरा पंधरवडा)

झाडाला ६० × ६० × ६० सेंटिमीटर, झुडपाला ४५, वेलाला ३०. वरच्या अर्ध्या भागाची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवा आणि खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या.

भरताना सर्वांत मोठी चूक होते ती माया करताना. खड्ड्यातली सगळी माती टाकून तो शेणखत, कोकोपीट आणि विकतच्या लाल मातीने भरतात. भोवती चिकण काळी माती असेल तर हा खड्डा हौदासारखा पाणी धरतो. शिवाय मुळांना बाहेरच्या कठीण मातीत शिरायचं कारण उरत नाही. ती खड्ड्यातच गोल फिरतात. तीन भाग तिथलीच माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट, एवढंच घाला. खड्ड्याच्या भिंती फावड्याने गुळगुळीत झालेल्या असतात, पहारीने खरवडून खडबडीत करा. कच्चं शेणखत नको. त्याने वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) दोन्ही येतात.

मुरमाड जागी खड्डा ७५ ते ९० सेंटिमीटरपर्यंत मोठा घ्या आणि तळ पहारीने फोडा. निचरा तासाला २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर उलट करा: खड्डा उथळ, आणि माती चढवून जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच, मीटरभर रुंद उंचवट्यावर लावणी.

> तपासा: भरलेला खड्डा पहिल्या पावसाने खचतो. म्हणून माती जमिनीपेक्षा १० सेंटिमीटर वर ठेवा.

## टप्पा ७: लावणी

देशावर आणि विदर्भात दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल वीतभर खाली गेली की लगेच लावा. जूनच्या पहिल्या वळवावर विसंबू नका. त्यानंतर पंधरा दिवसांची उघडीप सर्रास पडते. जुलैअखेरपर्यंत उरका, म्हणजे पाऊस संपायच्या आत मुळांना दोन महिने मिळतात. कोकणात जुलैच्या झोडपणाऱ्या पावसात लावू नका. एक तर अगदी सुरुवातीला, नाहीतर ऑगस्टच्या उत्तरार्धात.

1. रोप पिशवीसकट पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत.
2. पिशवी ब्लेडने उभी चिरा आणि पूर्ण काढा. 'मातीत कुजेल' ही समजूत चुकीची आहे, प्लास्टिक वर्षानुवर्षं तसंच राहतं. खोडाला धरून ओढू नका.
3. तळाशी गोल फिरलेली मुळं दिसली तर ती हाताने मोकळी करा. वेटोळं कडक झालेलं असेल तर दोन ठिकाणी उभं कापा.
4. खोड आणि मूळ जिथे भेटतं तो भाग जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वर. खोलवर गाडलेलं खोड पावसाळ्यात सालीपासून कुजतं, आणि हे बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.
5. माती पायाने तुडवू नका. हाताने दाबून एक बादली पाणी ओता, म्हणजे पोकळ्या भरतात, पाऊस पडत असला तरी.
6. आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूला, रोपापासून वीतभर दूर रोवा. सुतळी सैल, आठच्या आकड्यात बांधा. वर्षाने काठी काढा, नाहीतर खोड जाड होत नाही.

## टप्पा ८: दोन उन्हाळे

सप्टेंबरच्या शेवटी, जमीन ओली असतानाच, आच्छादन घाला: वाळलेला पालापाचोळा ८ ते १० सेंटिमीटर जाड, खोडाभोवती तळहाताएवढी जागा मोकळी. पाचोळा खोडाला टेकला की साल कुजते आणि वाळवीला वाट मिळते. वाळवीच्या भागात उन्हाळ्यात आच्छादन महिन्यातून एकदा उलटून बघा.

पाणी थोडं-थोडं रोज देणं हा रोपाचा घात आहे. वरची दोन बोटं माती ओली राहते, मुळंही वरच राहतात आणि एक आठवडा गावाला गेलात की झाड गेलं. झाडाला पहिल्या हिवाळ्यात आठवड्यातून एकदा १५ लिटर, मार्चपासून दर चार-पाच दिवसांनी तेवढंच. खोडाशी नाही, ४० सेंटिमीटर दूर गोल आळ्यात. दुसऱ्या उन्हाळ्यात २० लिटर, आठ-दहा दिवसांनी. तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. त्यानंतर बहावा, आपटा, काळा कुडा यांचं पाणी तोडा. ताम्हण आणि सीताअशोकाला मात्र एप्रिल-मेमध्ये लागत राहील. रासायनिक खत पहिल्या दोन वर्षांत नको, त्याने लुसलुशीत फूट येते आणि मावा तिच्यावर तुटून पडतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होईल. बहावा, आपटा, काळा कुडा निष्पर्ण होणारीच झाडं आहेत. लोक घाबरून दुप्पट पाणी घालतात आणि मूळ कुजवतात. फांदीची साल नखाने खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर थोडं खाली सरकून पुन्हा खरवडा. जमिनीलगतही हिरवं नसेल तरीसुद्धा जुलैपर्यंत थांबा, बऱ्याचदा बुंध्यातून धुमारा येतो.

कढीपत्त्याच्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखं काळपट-पांढरं काही चिकटलेलं दिसलं तर औषध फवारायला धावू नका. हात जवळ नेला की त्याच्या डोक्यामागून लालसर किंवा नारिंगी शिंगांची जोडी बाहेर येते आणि आंबूस उग्र वास सुटतो: ही फुलपाखराची अळी. पुढच्या कातींनंतर ती हिरवी होते, निम्मी पानं संपवते आणि कोषात जाते. कढीपत्ता तीन आठवड्यांत पुन्हा फुटतो. रोप दोन फुटांपेक्षा लहान असेल तरच चार-पाचपेक्षा जास्त अळ्या असल्यास काही उचलून मोठ्या झाडावर सोडा.

जुलैपर्यंत वाट बघूनही जे फुटलं नाही, ते उपटून मुळं बघा. काळी, वास येणारी असतील तर निचरा चुकला: तीच जात लावायची तर उंचवट्यावर. कोरडी, पिशवीच्याच आकारात वेटोळी असतील तर मुळं सोडवायची राहिली: त्याच खड्ड्यात तीच जात पुन्हा लावायला हरकत नाही.